विश्लेषण : ‘डक टेल्स’मधील अंकल स्क्रूजचे जन्मदाते कार्ल बार्क्स कोण होते? त्यांच्या कॉमिक्सचे पुनर्मुद्रित अल्बम संग्राहक का जमवतात?

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘डक टेल्स’ हिंदीतून दिसू लागले, तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ भागात ज्या घरी टीव्ही, त्या घरी गल्लीतली सगळी मुले, आणि माळवदावर अँटेना फिरवणारा एक जण, अशा थाटात ही मालिका पाहिली गेली. नाण्यांच्या डोंगरात सूर मारणारे चिकट म्हातारे बदक, त्याचा तापट पुतण्या डोनाल्ड आणि तीन चलाख पोरे आज चाळिशीत असलेल्यांना पाठ आहेत. हे सारे वॉल्ट डिस्ने यांचे, एवढीच माहिती तेव्हा होती.

प्रत्यक्षात अंकल स्क्रूज हे पात्र डिस्ने यांनी निर्माण केलेले नाही. ते कार्ल बार्क्स नावाच्या, आठवीनंतर शाळा सुटलेल्या, कानाने अधू असलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने कागदावर उतरवले. वर्षानुवर्षे लाखो प्रती खपत असताना त्यांचे नाव एकाही पानावर छापले गेले नाही. आज त्यांच्या कथांचे पुनर्मुद्रित अल्बम जगभरचे संग्राहक शोधून, पैसे साठवून विकत घेतात. त्यामागे लहानपणीची आठवण आहेच, पण तेवढेच कारण नाही.

शेतावरचे बालपण

बार्क्स यांचा जन्म २७ मार्च १९०१ रोजी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, मेरिल या छोट्या गावाजवळच्या शेतावर झाला. वडील धान्य पिकवत. वस्ती विरळ, शेजारी लांब आणि शाळा सुमारे दोन मैल चालून गाठायची. खेळायला थोरला भाऊ सोडला तर फारसे कोणी नाही. शेतवस्तीवर वाढलेल्या मुलाला हे वेगळे सांगायला नको. अशी मुले एक तर गप्प होतात किंवा मनात गोष्टी रचतात. बार्क्स यांच्या बाबतीत दोन्ही घडले.

लहानपणी गोवर झाला आणि ऐकू कमी येऊ लागले. हा दोष वयाबरोबर वाढत गेला. १९१६ मध्ये आई वारली. आठवीनंतर शिक्षण थांबले, कारण पुढची शाळा दूर होती आणि शिक्षकाचे बोलणे नीट कानावर पडत नव्हते. चित्रकलेचे म्हणावे असे शिक्षण म्हणजे टपालाने चालणाऱ्या एका अभ्यासक्रमाचे मोजके धडे. शेतीच्या कामामुळे तेही अर्धवट राहिले.

पुढची १०-१५ वर्षे पोटासाठी मिळेल ते काम. शेतमजुरी केली, लाकडे तोडली, खेचरे हाकली, गुरांमागे फिरले, छापखान्यात राबले. कॅलिफोर्नियात रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात रिव्हेट ठोकण्याच्या कामावर बरीच वर्षे काढली. पुढे डोनाल्ड डकला कथेगणिक नवी नोकरी लागते आणि शेवटी ती हातची जाते, याचे मूळ इथे असावे. डोनाल्डचे अपयश बाहेरून पाहून रंगवलेले वाटत नाही, ते यामुळे.

चित्रकार म्हणून पहिली नोकरी कधी मिळाली?

रेल्वेच्या कामावरून परतल्यावर रात्री विनोदी चित्रे काढायची आणि मासिकांना पाठवायची, असा क्रम अनेक वर्षे चालला. १९३१ मध्ये मिनिआपोलिस येथील ‘कॅलगरी आय-ओपनर’ या काहीशा चावट विनोदी मासिकाने त्यांना नोकरीवर घेतले. तेव्हा वय ३० होते. पहिला संसार या धावपळीत मोडला होता. दोन मुली होत्या.

१९३५ च्या अखेरीस डिस्ने स्टुडिओत प्रवेश मिळाला. पगार आठवड्याला २० डॉलर. काम अगदी खालच्या पायरीचे होते. मुख्य चित्रकाराने हालचालीची पहिली आणि शेवटची मुद्रा काढायची, मधली चित्रे नवख्यांनी भरायची. या कामात बार्क्स रमले नाहीत. मात्र त्यांनी सुचवलेली एक गंमत ‘मॉडर्न इन्व्हेन्शन्स’ या १९३७ च्या कार्टूनमध्ये घेतली गेली. यंत्राने चालणाऱ्या न्हाव्याच्या खुर्चीत डोनाल्ड उलटा अडकतो आणि यंत्र त्याच्या शेपटीकडच्या भागालाच डोके समजून केस कापते, अशी ती कल्पना. तिने त्यांना कथाविभागात नेले. डोनाल्डच्या कार्टूनपटांसाठी त्यांनी पुढची काही वर्षे प्रसंग रचले.

१९४२ मध्ये डोनाल्डच्या समुद्री खजिन्याच्या शोधावर एक कॉमिक निघाले. त्यातली निम्मी पाने बार्क्स यांनी आणि निम्मी त्यांचे सहकारी जॅक हॅना यांनी काढली. नोकरी सांभाळून केलेले हे फावल्या वेळचे काम होते.

नोकरी सोडून कोंबड्या का पाळल्या?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बार्क्स यांनी डिस्ने स्टुडिओ सोडला. महायुद्धामुळे तिथे लष्करी प्रशिक्षणाच्या फिल्मचे काम वाढले होते आणि त्यात त्यांचे मन नव्हते. शिवाय स्टुडिओतल्या वातानुकूलित हवेने सायनसचा त्रास बळावला होता. ते सॅन जॅसिंटो या कोरड्या हवेच्या भागात गेले आणि कुक्कुटपालन करायचे ठरवले. जोडीला उत्पन्न हवे म्हणून डिस्नेची कॉमिक्स छापणाऱ्या वेस्टर्न पब्लिशिंग या कंपनीला काम आहे का, असे विचारले.

कंपनीने एक तयार कथा पाठवली. डोनाल्ड परसात भाजीपाला लावतो आणि कावळे बी उकरून खातात, अशी १० पानांची. कथेत काही सुधारता आले तर सुधारा, असेही कळवले. शेतात वाढलेल्या माणसाला कावळ्यांचा बंदोबस्त शिकवायची गरज नव्हती. त्यांनी कथा बदलली, कंपनीला ती आवडली आणि पुढच्या कथा स्वतःच लिहून काढायला सांगण्यात आले. एप्रिल १९४३ च्या अंकात ती प्रसिद्ध झाली. तिथून १९६६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे ५०० कथा केल्या. लेखन, पेन्सिलचे रेखाटन, शाई सारे घरी बसून. पाने टपालाने जात आणि धनादेश टपालाने येई.

कोंबड्यांचा धंदा बहरला नाही, पण वाया मात्र गेला नाही. १९५२ च्या एका कथेत डोनाल्ड टेकडीवर पोल्ट्री टाकतो. अंड्यांचा ढीग आवाक्याबाहेर जातो, टेकडी उतरून खालच्या गावावर कोसळतो आणि गावाचे नावच ‘ऑम्लेट’ पडते. कुक्कुटपालनात हात पोळलेल्या कोणालाही ही कथा जास्तच हसवते.

या कथांमध्ये असे काय आहे?

‘फनी ॲनिमल’ म्हणजे कपडे घालून माणसासारखे वागणारे प्राणी. हा प्रकार भारतीयांना नवा नाही. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे राजदरबारातल्या मुरलेल्या कारभाऱ्यांसारखेच बोलतात. फरक असा, की पंचतंत्र शेवटी नीती हातात ठेवते. बार्क्स ती ठेवत नाहीत. त्यांच्या कथेत लोभी माणूस आपटतो, तसा प्रामाणिक माणूसही आपटतो आणि नशीबवान ग्लॅडस्टोन काहीही न करता लॉटरी जिंकून निघून जातो.

अंकल स्क्रूज डिसेंबर १९४७ मध्ये नाताळच्या एका कथेपुरता आला. तेव्हा तो नुसता कुढणारा, काठी टेकत चालणारा म्हातारा होता. बार्क्स यांना तो सोडवेना. हळूहळू त्याला भूतकाळ मिळाला. बूट पुसून मिळवलेले पहिले नाणे, क्लॉन्डाइकच्या बर्फातले सोने, आणि १९५१ च्या सुमारास नाण्यांनी भरलेली ती प्रचंड चौकोनी तिजोरी. तिजोरीवर डोळा ठेवणारे बीगल बॉइज त्याच वर्षी आले. विक्षिप्त संशोधक गायरो १९५२ मध्ये आणि पहिल्या नाण्यासाठी टपलेली चेटकीण मॅजिका १९६१ मध्ये. ज्या गावात हे सारे घडते ते डकबर्गही बार्क्स यांनीच वसवलेले.

‘डक टेल्स’ पाहिलेल्यांना हे प्रसंग माहीत असतील. मूळ कथांची धार मात्र छोट्या पडद्यावर बरीच बोथट झाली.

१९५१ ची एक कथा पाहा. वावटळीत स्क्रूजचा साठवलेला पैसा उडतो आणि देशभर पावसासारखा पडतो. प्रत्येक जण लखपती होतो. साहजिकच कोणी कामाला जात नाही. दुकाने बंद, बस बंद. स्क्रूज मात्र निवांत आपल्या शेतात राबत असतो. काही दिवसांत लोकांना भूक लागते आणि खायला फक्त त्याच्याच शेतात उरलेले असते. एका अंड्याला लाखो डॉलर मोजत सगळा पैसा आपल्या पायांनी चालत स्क्रूजकडे परत येतो. पैसा आणि अन्न यांतले खरे धन कोणते, हे दहा पानांत सांगणारी ही कथा लिहिणारा शेतकऱ्याचा मुलगा होता, हे ध्यानात घेतले की तिची गोडी वाढते. बाजारसमितीच्या आवारात हळदीची बोली ऐकत उभ्या राहिलेल्याला ती अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा लवकर पटेल. अर्थात, शेतकऱ्याच्या अंड्याला असा भाव कॉमिकमध्येच मिळतो.

१९५४ ची दुसरी कथा याहून वरची. पैशाच्या कटकटीने स्क्रूजला भोवळ येऊ लागते. तो हिमालयापलीकडच्या, पैसाच ठाऊक नसलेल्या एका दरीत विसावा घ्यायला जातो. तिथे त्याच्या औषधाच्या बाटलीचे एक झाकण कोणाला तरी सापडते. दरीत तसे दुसरे काहीच नसल्याने त्याला मोल येते. मग हाव, साठेबाजी, भांडणे. सगळ्यांना पुरतील एवढी झाकणे विमानातून टाकायची व्यवस्था स्क्रूज करतो, तर इतकी झाकणे पडतात की पिके गाडली जातात. चलन आणि महागाई यांचे इतके सोपे स्पष्टीकरण शोधून सापडणार नाही.

आणि १९४९ ची चौकोनी अंड्यांची कथा. संग्रहालयातला झाडूवाला डोनाल्ड चौकोनी दगड पुसता पुसता ती अंडी असल्याचे शोधतो. अँडीज पर्वताच्या धुक्यात हरवलेल्या गावापर्यंत पोहोचतो, जिवावरच्या संकटातून सुटतो आणि चौकोनी कोंबड्यांची जोडी घेऊन घरी येतो. पण दोन्ही कोंबडे निघतात! सारी मेहनत पाण्यात. बार्क्स यांची ही सर्वोत्तम कथा, असे अनेक चाहते मानतात.

भारत या कथांमध्ये येतो तो ‘हाउडूयूस्तान’ नावाने. १९४७ मध्ये पोरे पेन्सिलच्या तुकड्यापासून सुरू करून वस्तूंची अदलाबदल करत थेट जहाजाचे तिकीट मिळवतात, डोनाल्ड त्या देशात पोहोचतो आणि महाराजा होऊन बसतो. १९५२ मध्ये तिथलाच एक महाराजा डकबर्गला येऊन गावाच्या संस्थापकाचा सर्वांत मोठा पुतळा कोण उभारतो, यासाठी स्क्रूजशी पैज लावतो. पुतळ्यांची उंची वाढत जाते, महाराजाची तिजोरी रिकामी होते, स्क्रूजची भरलेलीच राहते. पुतळ्यांच्या उंचीची स्पर्धा भारतीय वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

बार्क्स यांनी हे देश पाहिले नव्हते. ‘नॅशनल जिओग्राफिक’चे जुने अंक समोर ठेवून ते पगोडा, गलबते, डोंगरदऱ्या आणि पडक्या शहरांचे तपशील काढत. जवळची अडचण मात्र घरातच होती. दुसऱ्या पत्नीच्या दारूच्या व्यसनाने घर पोखरले होते. १९५१ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा हाती जवळपास काहीच उरले नाही. वय ५०. त्यांच्या सर्वांत हसऱ्या, सर्वांत बांधेसूद कथा याच दोन-चार वर्षांतल्या आहेत. १९५४ मध्ये गारे विल्यम्स या निसर्गचित्रकार स्त्रीशी त्यांचे लग्न झाले. फुग्यांमधली अक्षरे आणि काळा रंग भरण्याचे काम पुढे त्या करू लागल्या. हा संसार १९९३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत टिकला.

नाव का छापले जात नव्हते?

डिस्नेच्या प्रत्येक कॉमिकवर एकच नाव असे, वॉल्ट डिस्ने. मूळ चित्रकार आणि लेखक अनेक होते, पण वाचकाच्या लेखी ते सगळे एकच. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बार्क्स यांची कथा ज्या मासिकात पहिल्या पानापासून असे, त्याचा महिन्याचा खप ३० लाखांच्या घरात गेला होता. बार्क्स यांना मिळे ते पानामागे ठरलेले पैसे. खपात वाटा नाही, पुनर्मुद्रणात वाटा नाही, पात्रांवर हक्क नाही. स्क्रूज जगातले सर्वांत श्रीमंत बदक ठरला. त्याच्या कर्त्याला मात्र निवृत्तीनंतरही पात्राच्या कमाईतून काही आले नाही.

मुलांना मात्र फरक कळत होता. एकाच अंकातल्या दोन बदक-कथांपैकी एक जिवंत आणि दुसरी ओढूनताणून केलेली, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येई. नाव माहीत नसल्याने मुलांनी ‘चांगला बदकवाला’ अशी खूण ठेवली. ती मुले मोठी झाली आणि चौकशी करू लागली. १९६० मध्ये पहिल्यांदा एका चाहत्याचे पत्र थेट बार्क्स यांच्या हाती पडले. कोणी ओळखीचाच थट्टा करतो आहे, असे त्यांना आधी वाटले. १८ वर्षे काम केल्यावर आलेले हे पत्र होते.

निवृत्तीनंतर चाहत्यांच्या आग्रहाने १९७१ मध्ये त्यांनी डिस्नेची परवानगी घेऊन बदकांची तैलचित्रे काढायला सुरुवात केली. मागणी इतकी की प्रतीक्षायादी लागली. १९७६ मध्ये कोणीतरी एका चित्राच्या अनधिकृत प्रती विकल्या आणि डिस्नेने परवानगी काढून घेतली. चूक दुसऱ्याची, शिक्षा म्हाताऱ्याला. पुढे ऐंशीच्या दशकात अधिकृतपणे काम पुन्हा सुरू झाले. आज ही चित्रे लिलावात ज्या किमतीला जातात, त्यांतल्या एकेका किमतीत सॅन जॅसिंटोतल्या त्या पोल्ट्रीसारख्या कितीतरी आल्या असत्या.

अल्बम म्हणजे नेमके काय आणि कोणते?

मूळ कॉमिक्स स्वस्त कागदावर छापलेली. मुलांनी वाचायची, अदलाबदल करायची आणि रद्दीत द्यायची. आपल्याकडे ‘चांदोबा’ आणि मराठी ‘इंद्रजाल’चे अंक ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने. उरलेले चांगले अंक सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले. कथा वाचायची असेल तर पुनर्मुद्रण हाच मार्ग उरतो.

ऐंशीच्या दशकात ‘अनदर रेनबो’ या अमेरिकी प्रकाशनाने ‘कार्ल बार्क्स लायब्ररी’ काढली. तीन-तीन जाड खंड एका खोक्यात, असे १० संच, एकूण ३० खंड. बहुतांश छपाई कृष्णधवल, जेणेकरून रेषा स्पष्ट दिसावी. कथांबरोबर अभ्यासपूर्ण लेखही होते. एका मुलांच्या कॉमिकवाल्याला ग्रंथालयाच्या फळीवर बसवणारा हा पहिला मोठा प्रयत्न.

नव्वदच्या दशकात ‘ग्लॅडस्टोन’ने याच कथा रंगीत, मोठ्या आकाराच्या, पातळ अल्बममध्ये आणल्या. १९९८ पर्यंत असे १४० च्या वर अल्बम निघाले. त्यांच्यासोबत चित्रांची कार्डे येत. त्यामुळे जुना अल्बम घेणारा संग्राहक आधी विचारतो, कार्ड आहे का. कार्ड नसेल तर भाव उतरतो.

२०११ पासून ‘फँटाग्राफिक्स’ संपूर्ण कथांचे कापडी पाठीचे नव्हे, पण भक्कम पुठ्ठा-बांधणीचे खंड काढत आहे. दोनशेच्या वर पाने आणि मूळ अंकांसारखे साधे, सपाट रंग. नवख्यासाठी हा सगळ्यात सोयीचा मार्ग. गोंधळ एकच. खंड काळाच्या क्रमाने निघाले नाहीत. सर्वांत आधी आला तो चौकोनी अंड्यांच्या कथेचा, जो मालिकेत सातवा आहे. चांगल्या काळातली कामे आधी द्यावीत म्हणजे वाचक टिकेल, हा प्रकाशकाचा हिशेब. तेव्हा फळीवर सातवा दिसला म्हणून पहिले सहा कुठे हरवले, असे वाटून घेऊ नये.

हिंगोलीसारख्या ठिकाणी हे खंड दुकानात दिसण्याची शक्यता कमी. ऑनलाइन मागवावे लागतात आणि परदेशी किंमत, जकात, टपाल धरून खिसा हलका होतो. याच मालिकेतले खंड डिजिटल रूपातही विकले जातात. मात्र एका पानावर आठ चौकटी असतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर एकेक चौकट मोठी करून वाचताना पानाची एकत्रित रचना हरवते. टॅब असेल तर बरे.

कापलेली पाने परत कशी आली?

संग्राहक एकाच कथेच्या दोन-तीन आवृत्त्या का घेतात, याचे उत्तर इथे आहे. आवृत्तीगणिक कथा बदलते.

१९५३ च्या क्लॉन्डाइकच्या कथेत स्क्रूज तरुणपणी सोने शोधत असताना गोल्डी नावाची दारूच्या गुत्त्यातली गायिका त्याच्या कॉफीत गुंगीचे औषध घालून सोन्याचा गोळा पळवते. तो गुत्त्यात मारामारी करून तिला उचलून आणतो आणि आपल्या खाणीवर महिनाभर राबवतो. संपादकांनी हा भाग मुलांना अयोग्य म्हणून कापला. परिणामी छापील कथेत, म्हातारपणी स्क्रूज गोल्डीला मुद्दाम जिंकू देतो ते का, हे नीट उलगडत नव्हते. चिकट म्हाताऱ्याच्या आयुष्यातले एकमेव प्रेम कात्रीखाली गेले होते. १९५२ च्या एका चेटकिणीच्या कथेतलीही बरीच पाने अशीच गेली.

बार्क्स यांनी परत आलेली कापलेली पाने फेकली नाहीत. ऐंशीच्या दशकात ती पुनर्मुद्रणात पुन्हा जागेवर बसवली गेली. म्हणजे ही पुनर्मुद्रणे मूळ अंकांपेक्षा अधिक मूळ आहेत. जुना, महागडा पहिला अंक असलेल्याकडे अपुरी कथा आणि नवा स्वस्त खंड घेणाऱ्याकडे पूर्ण, अशी ही गंमत आहे.

उलट दिशेचा प्रवासही चालू आहे. बार्क्स यांच्या कथांमध्ये आफ्रिकी, आशियाई लोकांची चित्रे त्या काळच्या अमेरिकी पूर्वग्रहांनी भरलेली आहेत. हाउडूयूस्तानही त्याला अपवाद नाही. चिलीमध्ये आरिएल दोर्फमन आणि आर्मांद मातेलार यांनी १९७१ मध्ये डोनाल्ड डकच्या कॉमिक्सवर आख्खे टीकापुस्तक लिहिले. गरीब देशांतला खजिना उचलून आणणे या कथांना स्वाभाविक वाटते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. दोन वर्षांनी तिथे लष्करी राजवट आली आणि ते पुस्तक जाळण्यात आले. त्यांचा आक्षेप सरसकट नाकारता येत नाही, जरी झाकणांच्या कथेसारख्या ठिकाणी बाहेरून येणारा श्रीमंतच गावाचे वाटोळे करतो, हे बार्क्स यांनी स्वतः दाखवले असले तरी.

१९४९ च्या एका कथेतला ‘बॉम्बी’ हा आफ्रिकी झोंबी असाच वादाचा. पुढे डॉन रोझा या चित्रकाराने हे पात्र आपल्या कथांमध्ये घेतले. २०२३ मध्ये रोझा यांच्या अशा दोन कथा यापुढे छापायच्या नाहीत, असा डिस्नेचा निर्णय समोर आला आणि जुन्या खंडांची मागणी एकदम वाढली. चित्र बदलून छापावे, टीप देऊन जसेच्या तसे छापावे की गाळावे, यावर संग्राहकांत एकमत नाही. टीप देऊन छापणे हाच त्यातला प्रामाणिक मार्ग दिसतो. गाळलेल्या पानातून पूर्वग्रह कळत नाही, त्याची खूण तेवढी पुसली जाते.

युरोपात हे बदक घरचे कसे झाले?

अमेरिकेत सुपरहिरोंनी बाजी मारली. बदके टिकली ती युरोपात. जर्मनीत १९५१ पासून एरिका फुक्स या कला-इतिहासात डॉक्टरेट केलेल्या बाईंनी या कथा भाषांतरित केल्या. शब्दाला शब्द न ठेवता त्यांनी पात्रांच्या तोंडी अभिजात जर्मन कवींच्या वळणाची भाषा घातली. स्क्रूज तिथे दागोबेर्ट झाला, इटलीत पापेरोने, फिनलंडमध्ये रोपे. त्या त्या देशातल्या मुलांना तो परका वाटलाच नाही. फुक्स यांच्या नावाने जर्मनीत २०१५ मध्ये संग्रहालय उघडले. भाषांतरकाराचे संग्रहालय ही कल्पनाच किती दुर्मीळ!

बार्क्स यांच्या संपूर्ण कथांची अशी मालिका मराठीत झालेली नाही. चिकट माणसासाठी, फुशारकी मारणाऱ्यासाठी, उधळ्या पुतण्यासाठी मराठवाडी बोलीत जेवढे शब्द आहेत, तेवढे पाहता चांगल्या भाषांतरकाराला खुराकच आहे.

शेवटची वर्षे

१९८३ मध्ये बार्क्स ओरेगॉनला परतले आणि ग्रँट्स पास या गावी स्थायिक झाले. १९८७ मध्ये कॉमिक्सच्या क्षेत्रातल्या आयस्नर ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पहिल्याच वर्षी त्यांना स्थान मिळाले. १९९१ मध्ये डिस्नेनेही गौरव केला. एका लघुग्रहाला त्यांचे नाव आहे. ‘स्टार वॉर्स’वाले जॉर्ज लुकास त्यांचे जाहीर चाहते.

१९९४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, ते पहिल्यांदा युरोपात गेले. ११ देश फिरले. ठिकठिकाणी सह्यांसाठी रांगा लागल्या. रांगेत मुलांपेक्षा त्यांचे आई-बाप अधिक होते.

पुढे रक्ताचा कर्करोग झाला. २५ ऑगस्ट २००० रोजी ग्रँट्स पास येथील घरी त्यांचे निधन झाले. शंभरी गाठायला सात महिने कमी पडले. ‘ग्लॅडस्टोन’ची रंगीत मालिका तेव्हा संपून दोन वर्षे झाली होती. अमेरिकेत त्यांच्या संपूर्ण कथांची पुढची मालिका सुरू व्हायला आणखी ११ वर्षे लागली. तिच्या मुखपृष्ठावर डिस्ने आणि डोनाल्ड यांच्यासोबत कार्ल बार्क्स हे नावही ठळक छापलेले आहे.